दार का लावलं होतंस?

नागपूर, ज्येष्ठ महिना, मंगळवार

चि. बंडूस,



फोनवर तू "सगळं ठीक आहे आत्या" म्हणतोस आणि मी पुढचं वाक्य जुळवेपर्यंत फोन ठेवतोस. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, निदान तू तरी तसं करणार नाहीस.

परवा मुंजीत तुमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या. पंगतीत माझ्या शेजारी बसल्या आणि वरणभात कालवता कालवता म्हणाल्या, "मे महिन्यात बंडूची वीज कापली होती हो दोन दिवस." एवढ्यावर मी गप्प बसले असते. बिल थकणं हा काही गुन्हा नाही, तुझ्या आजोबांच्या, आप्पांच्या राज्यात तर आपल्याकडे कंदीलच होते. पण पुढे त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही दिवस दार आतून लावलेलं. पोरीला घेऊन नवराबायको आत बसून होते, कोणाला कळू नये म्हणून." माझ्या ताटातली जिलबी तशीच राहिली.

जबलपूरच्या मदन महलचा मे महिना मला कोणी सांगायला नको. टेकडीवरचे ते हत्तीएवढे दगड दिवसभर तापतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी त्यांची धग गल्लीत उतरत असते. त्यात कूलर बंद, पंखा बंद आणि दारही बंद. छकुलीला अंग तापलं की आकडी येते, हे तुला मी सांगायचं का? काही झालं असतं म्हणजे? दार का लावलं होतंस, बंडू?

काकू तिखटमीठ लावून बोलतात, मला ठाऊक आहे. खोटं असेल तर "आत्या, खोटं आहे" एवढंच लिही, मी माफी मागेन.

खरं असेल तर आधी विजेचं बोलू, कारण आकडे मला कळतात. चौतीस वर्षं सरकारी टेबलावर कागद सरकवले आहेत. तुमच्या मध्य प्रदेशात महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात, अटल गृहज्योती म्हणतात ती योजना. दीडशेच्या वर गेलं की ती सवलत गेली. आता ज्या घरात सात वर्षांचं मूल अंथरुणात ओलं होतं, तिथे धुण्याचं मशीन दिवसातून दोनदा लागणार. जेवण मिक्सरमधून काढावं लागणार. कूलर रात्रभर चालणार. दीडशेच्या आत राहणार कसं? ज्या घराला सवलत हवी, तेच घर तिच्यातून बाहेर पडतं. आजारी मुलाचं मीटर वेगळं मोजावं असं कोणाला सुचलेलं नाही. मला राग येतो, पण रागाने युनिटं कमी होत नाहीत. एवढं मात्र लक्षात ठेव : २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ असं सांगतं की वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तशी नोटीस आली होती का? आली असेल तर तू ती कुठल्या डब्यात टाकलीस? त्या पंधरा दिवसांत कचेरीत जाऊन हप्ते मागता आले असते. मागायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडायचं म्हणजे आधी दार उघडावं लागतं.

बघ, पुन्हा तिथेच आले.

सूनबाईने मागे दिवाळीत मला रडत सांगितलं होतं की, तू छकुलीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढू देत नाहीस. "माझ्या मुलीवर शिक्का नको" म्हणतोस. मी तेव्हा बोलले नाही. चुकलंच माझं. आणि मला बोलायचा अधिकार किती आहे, तेही सांगते.

बाळूकाका तुला फोटोतही दिसला नसेल, कारण त्याचा फोटोच नाही. घरात त्याचा विषय निघाला की तुझे बाबा उठून अंगणात जायचे. माझ्याहून चार वर्षांनी लहान. मान धरायचा नाही, बोलायचा नाही, पण स्टेशनावर इंजिनाने शिट्टी दिली की दोन्ही मनगटं एकमेकांवर आपटून टाळी वाजवायचा आणि घशातून एक लांब सूर काढायचा. आम्ही बाकीची पोरं राणी दुर्गावतीच्या गोष्टी सांगत किल्ल्यावर चढायचो, त्या एकावर एक तोललेल्या शिळांशी लपंडाव खेळायचो, आणि तो उंबऱ्याशी पोत्यावर बसून आमची वाट बघायचा. आप्पा तोफगाडी कारखान्यातून सायकलवर दमून यायचे तरी रविवारी त्याला खांद्यावर घेऊन शारदेच्या देवळापर्यंत जायचे. लोक बघायचे, आणि आप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते मला.

१९७३ साली नागपूरचे लोक मला बघायला आले. सकाळीच मी आईला म्हटलं, बाळूला मागच्या खोलीत ठेव. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग तिनेच कडी लावली. पोहे झाले, चहा झाला, आणि साडेचारची गाडी आली. शिट्टी झाली. आतून टाळी, मग तो सूर. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, "काय आवाज आहे हो?" आप्पा काही बोलणार तेवढ्यात मीच म्हणाले, "शेजारचं पोर आहे."

माझ्या तोंडचं वाक्य आहे ते, बंडू. कोणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर तुझ्या आतोबांना, म्हणजे माझ्या ह्यांना, खरं कळलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात असा भाऊ आहे म्हणून नाही, मी त्याला शेजारचा केला म्हणून. १९७९ च्या जानेवारीत बाळू गेला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुढे आईची ट्रंक आवरताना बघितलं : शाळेचा दाखला नाही, दवाखान्याची चिठ्ठी नाही, रेशनकार्डावर नाव नाही. चोवीस वर्षं जगलेल्या माणसाच्या नावाचा एकच कागद निघाला, महापालिकेचा मृत्यूचा दाखला.

तेव्हा कागद करून मिळणार तरी काय होतं, हेही खरं. अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष उजाडलं १९८१ ला, आपला पहिला हक्कांचा कायदा झाला १९९५ ला, राष्ट्रीय न्यास १९९९ ला, आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व आलं. बाळूच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. छकुलीच्या वाट्याला आहे, आणि तिचा बाप शिक्का नको म्हणतो.

शिक्का कसला रे? व्हिक्टोरिया हॉस्पिटलात, म्हणजे आता सेठ गोविंददास म्हणतात तिथे, डॉक्टरांचं मंडळ बघतं आणि टक्के लिहितं. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा. चाळीस टक्क्यांपासून पिवळ्या पट्टीचं कार्ड, ऐंशीपासून निळ्या. ते एक कार्ड झालं की बाकीच्या खिडक्या उघडतात. सहा वर्षांवरच्या बहुविकलांग मुलांना तुमचं राज्य महिना ६०० रुपये देतं. राज्याचा तो समग्र ओळख क्रमांक लागेल, अटी काय त्या खिडकीवर नीट विचार. सहाशेत काय होतं म्हणशील. पंधरा दिवसांचे डायपरही होत नाहीत, मला ठाऊक आहे. पण ते पैसे छकुलीच्या नावाने येतील. घरातल्या जमेच्या बाजूला तिचं नाव लागेल. आजवर तिचं नाव नुसतं खर्चाच्या बाजूला आहे, आणि तू ते रोज रात्री वाचत बसतोस.

त्याहून मोठी गोष्ट निरामय. राष्ट्रीय न्यासाचा विमा आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता, या चारांसाठी. वर्षाला १ लाखापर्यंत. आधी तपासणी नाही. बाहेरच्या बाहेर घेतलेली औषधं आणि व्यायामाचे पैसेही त्यात बसतात, प्रत्येकाची मर्यादा ठरलेली आहे, पण बसतात. फी किरकोळ. तू व्यायामाच्या ताईंना बंद केलंस ना? त्यांचे पैसे यातून निघाले असते. मात्र पैसे आधी आपण भरायचे आणि मग बिलं पाठवून परत मागायचे, म्हणून औषधाच्या दुकानातली प्रत्येक चिठ्ठी ठेव. सूनबाईला सांग, जुना पोळ्यांचा डबा त्यालाच दे.

बसायच्या खुर्चीचं मी मुद्दाम विचारून घेतलं. मान आणि पाठ धरून ठेवणारी खुर्ची केंद्राच्या एडिप योजनेत मिळते. मिळकत महिना २२,५०० च्या आत असेल तर पूर्ण फुकट, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. तुझा पगार निम्म्यात बसतो. ती बनवणाऱ्या अलिम्कोचं केंद्र तर तुमच्याच गावात, रिछाईला आहे. माणसं लांबून येतात तिथे आणि तू मदन महलमधून जात नाहीस. आयकरातही ७५,००० ची वजावट असते, पण तुझा पगार तिथवर पोचत नाही, तेव्हा ते सोड.

पत्र वाचून सूनबाईवर चिडू नकोस. तिने मला यातलं काही सांगितलेलं नाही, दिवाळीतलं सोडून. आणि स्वतःवरही चिडू नकोस. मी एवढी रागावले, पण खरं म्हणजे रात्री डोळ्यांसमोर तुम्ही दोघं येता : अंधारात पुठ्ठ्याने तिला वारा घालताय, आळीपाळीने, एकमेकांशी न बोलता. दोन दिवसांत तिला एकदाही आकडी आली नाही असं काकूच म्हणाल्या. म्हणजे ओल्या फडक्याने पुसत राहिला असाल रात्रभर. ते मी आधी लिहायला हवं होतं. आप्पा असते तर त्यांनी तेच आधी विचारलं असतं : तुम्ही दोघं झोपलात कधी?

पैसे पाठवत नाही, तू परत करशील. पण बिलावरचा ग्राहक क्रमांक तेवढा कळव. शेजारचा मुलगा मोबाइलवरून भरून देतो, मला ते आता सवयीचं झालं आहे. बिल भरलेलं दिसलं तर कोणी भरलं ते विचारत बसू नकोस.

पार्सलमध्ये सहा दुपटी आहेत. जुन्या सुती लुगड्यांची, तिहेरी घातली आहेत, मुद्दाम लहान. मोठ्या गोधड्या पावसाळ्यात वाळत नाहीत आणि त्यांना मशीनही जास्त वीज ओढतं. ही हाताने धुतली तरी दोन तासांत सुकतात. हिरवं तुझ्या आजीच्या लुगड्याचं आहे, ते छकुलीच्या गालाखाली घाल, बाकीची कुठेही.

आणि कार्ड झालं की रेल्वेचं काढ. जिला सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही अशा मुलीला आणि सोबत्याला, दोघांनाही स्लीपरला आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत असते. जबलपूरच्याच कचेरीत होतं ते काम. दसऱ्याला तिला घेऊन ये. खालचा बर्थ माग, खिडकीकडचा. मदन महललाच बसा, मुख्य स्टेशनात चढउताराची गर्दी फार. मी इथे फलाटावर असेन. गुडघे दुखतात, पण असेन.

एक विचारायचं राहिलं. तुमचं घर रुळांपासून आप्पांच्या घराएवढंच लांब आहे. गाडीची शिट्टी ऐकली की छकुली काय करते? सूनबाईला विचारून लिही. काही करत नसेल तरी लिही.

तुझी,
आत्या