फळीखालचे रहस्य

तारळी नदी जेथे कृष्णेला मिळते, तेथे सातारा जिल्ह्यातील उंब्रज हे गाव वसले आहे. मुलांनो, या गावातील एखाद्या शाळेचा विज्ञानाचा वर्ग क्षणभर डोळ्यांपुढे आणा.

फरशीवर एक रुंद फळी ठेवलेली आहे. तिच्या चार कोपऱ्यांखाली विटांचे तुकडे असल्यामुळे खालून गोटी सहज जाईल एवढी फट राहिली आहे. फळीच्या खालच्या अंगास गुरुजींनी लाकडाचा एक ठोकळा बसविला आहे. तो केवढा आहे, कोणत्या आकाराचा आहे, हे मुलांना ठाऊक नाही. गुरुजी म्हणतात, "फळी उचलावयाची नाही, वाकून पाहावयाचे नाही. केवळ गोट्या सोडून आत काय आहे ते ओळखा."

मुले बांबूच्या पन्हळीतून गोट्या सोडू लागतात. एक गोटी सरळ पार जाते, दुसरी किंचित कलून बाहेर पडते, आणि एखादी खट्‌कन आदळून सोडणाऱ्याच्याच पायाशी परत येते. प्रत्येक गोटीचा मार्ग फळीवर पसरलेल्या कागदावर आखला जातो. तीसचाळीस रेघा झाल्या, की त्यांच्यामध्ये एक कोरी जागा उरते.

"गुरुजी, ठोकळा गोल आहे," एक मुलगा म्हणतो.

"नाही, तो त्रिकोणी आहे," एक मुलगी ठामपणे सांगते. "गोल असता, तर शेजारशेजारून सोडलेल्या गोट्या निरनिराळ्या दिशांना पांगल्या असत्या. या बाजूने सोडलेल्या पाचही गोट्या एकाच दिशेस वळल्या. म्हणजे तेथे सपाट बाजू आहे."

मुलगा पुन्हा पाच गोट्या सोडून पाहतो आणि आपले म्हणणे मागे घेतो. मग सारा वर्ग ओरडतो, "गुरुजी, आता फळी उचला ना!"

गुरुजी हसून म्हणतात, "अणूवरची फळी आजवर कोणास उचलता आली आहे?"

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९०९ साली असाच एक प्रयोग झाला. अणूमध्ये धनविद्युत सर्वत्र पसरलेली असून, शिऱ्यात बेदाणे असावेत तसे इलेक्ट्रॉन तीत रुतलेले आहेत, असे जे. जे. थॉमसन या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. त्यांचेच शिष्य अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर व वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. अंधाऱ्या खोलीत बसून ते पडद्यावर चमकणारे सूक्ष्म ठिपके मोजीत. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून सुमारे ८००० कणांपैकी एक कण मागे फिरला! विरळ पसरलेल्या विद्युतेला हे साधणे शक्य नव्हते. अणूची सर्व धनविद्युत व जवळजवळ सर्व वस्तुमान एका अत्यंत लहान केंद्रकात एकवटले असले पाहिजे, असा निष्कर्ष रदरफोर्ड यांनी १९११ साली मांडला. गुरूंविषयी आदर असूनही त्यांनी पुराव्याचाच कौल मानला.

हे केंद्रक किती लहान? गुरुजी मैदानाच्या मध्यभागी दोन मिलिमीटर व्यासाचा मोहरीचा दाणा ठेवतात आणि त्याच्यापासून वीस मीटरांवर मुलांना रिंगण करावयास सांगतात. तो दाणा सोन्याच्या अणूचे केंद्रक मानला, तर अणूची सीमा मुलांच्या त्या रिंगणापर्यंत पोहोचते. मधली सारी विस्तीर्ण जागा मूठभर इलेक्ट्रॉनांची!

तथापि, प्रतिकृती म्हणजे प्रत्यक्ष वस्तू नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. गोटी ठोकळ्यावर आदळते. अल्फा कण मात्र केंद्रकाला स्पर्श न करताच विद्युतेच्या प्रतिसारणाने परततो. म्हणून गुरुजी मातीचा एक निमुळता उंचवटा करून त्यावर गोट्या सोडतात. मंद गोटी पायथ्याशीच वळते, वेगवान गोटी अधिक वर चढून मग परत फिरते. ठोकळ्याने जे दाखविले नाही, ते उंचवट्याने दाखविले.

तिसरा प्रयोग तेलाचा. पाणी व स्पिरिट योग्य प्रमाणात मिसळून त्यात शेंगदाण्याचे तेल सोडले, म्हणजे ते तरंगत नाही की बुडत नाही. गोल थेंब होऊन मधोमध स्थिर राहते. काडीने तो थेंब हळूहळू ताणला, तर मध्ये बारीक होऊन त्याचे दोन थेंब होतात. (स्पिरिट चटकन पेट घेते, हा प्रयोग शिक्षकांसमोर व विस्तवापासून दूरच करावा.) युरेनियमचे केंद्रक दुभंगते, याचा शोध १९३८ साली लागला, तेव्हा लीझ माइटनर व ऑटो फ्रिश यांनी त्याची उकल अशाच थेंबाच्या कल्पनेने केली. त्या दुभंगण्यातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. तिच्यावर नियंत्रण ठेवणारी 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ तुर्भे येथे सुरू झाली.

तास संपतो. गुरुजी फळी न उचलताच कपाटात ठेवतात. मुले थोडी हिरमुसतात. पण कागदावरील रेघा त्यांच्या हाती असतात. जे डोळ्यांना दिसत नाही, तेही धीराने व प्रामाणिकपणे विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देते, हा धडा त्या रेघांत लिहिलेला असतो.

स्वाध्याय

१. ठोकळा त्रिकोणी आहे, हे मुलीने कोणत्या पुराव्यावरून ठरविले?
२. ठोकळ्याच्या प्रयोगातील कोणती उणीव मातीच्या उंचवट्याने भरून काढली?
३. गुरुजींनी शेवटपर्यंत फळी का उचलली नसावी? तुमचे मत लिहा.