प्राध्यापकाची जागा आणि फडातली जमीन

चिरंजीव भाच्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

धुळ्याहून आलेल्या धाकट्या काकूंनी जे सांगितले ते ऐकीव असले तरी कानाआड करण्याजोगे नाही. एका अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची जागा निघणार आहे, तिच्यासाठी संस्थेला ‘देणगी’ द्यावी लागणार आहे, आणि ती उभी करण्याकरिता पांझरा नदीकाठचा, फडातला जमिनीचा तुकडा विकण्याची बोलणी चिरंजीवाच्या वडिलांनी सुरू केली आहेत, असा त्या वृत्ताचा सारांश आहे. प्रबंध अर्ध्यावर सोडण्याचाही उल्लेख त्यात होता. पण काकूंच्या कोणत्याही हकिकतीत थोडे पदरचे असतेच, तेव्हा तेवढे खोटे असावे अशी आशा बाळगून हे पत्र लिहिले जात आहे.

अनुदानित महाविद्यालयात शिक्षकाचे वेतन शासन देते आणि नेमणूक मात्र खासगी शिक्षणसंस्था करते. पगाराचा भार एकाच्या तिजोरीवर आणि निवडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती, या रचनेतूनच ‘देणगी’ नावाचा व्यवहार उगवला, आणि तो सर्वांना ठाऊक असूनही कोणाच्याही कागदावर नाही. जागा भरण्यासाठी आधी उच्च शिक्षण विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. मग बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षित वा खुल्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता, तपासून घ्यावी लागते. त्यानंतर जाहिरात, छाननी आणि निवड समिती, जिच्यात संस्थेच्या माणसांबरोबर कुलगुरूंनी पाठवलेले विषयतज्ज्ञही बसतात. आणि निवड झाल्यावरही विद्यापीठाची मान्यता मिळाल्याखेरीज सहसंचालक कार्यालयातून वेतन सुरू होत नाही. पैसे मागणारा या लांबलचक साखळीतील एकाच कडीचा धनी असतो, शब्द मात्र तो सगळ्या साखळीचा देतो. बिंदुनामावलीत खोट निघाली किंवा मान्यता अडली, तर नेमणुकीचे पत्र हातात असूनही पगार नाही, दिलेल्या रकमेची पावती नाही, आणि जमीन तर तोवर दुसऱ्याच्या नावावर चढलेली असते. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, हे वडिलांना कोणी सांगितले आहे काय?

नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, झाली असताना पीएचडीचा आग्रह कशाला, असे चिरंजीव म्हणतो म्हणे. नियमाच्या दृष्टीने तो चुकत नाही. विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी अनिवार्य करण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले होते, ते पुढे ढकलले, आणि जून 2023 च्या दुरुस्तीने नेट, सेट किंवा तत्सम परीक्षा हीच किमान अर्हता ठेवली. (सेट म्हणजे राज्यस्तरीय परीक्षा, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.) परंतु किमान अर्हता म्हणजे उंबरठा, आत कोणाला बोलवायचे याची गणिते निराळी असतात. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठांसाठी जो गुणतक्ता आहे, त्यात शंभरांपैकी तीस गुण एकट्या पीएचडीला आहेत, आणि उरलेले पदव्यांचे गुण, नेट, शोधलेख, अनुभव व पुरस्कार यांत विभागले आहेत. त्याच नियमावलीने हा तक्ता केवळ मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्यापुरता ठेवून अंतिम निवड मुलाखतीवर सोडली, आणि सगळी मेख तिथेच आहे. सरळ मार्गाने जाणाऱ्याला जागा मिळेलच असे आश्वासन त्यामुळे कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, आत्याही देत नाही. मात्र ज्याचा प्रबंध पुरा आहे त्याला महाराष्ट्राबाहेरच्या केंद्रीय विद्यापीठांत अर्ज करता येतो, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची पीएचडीनंतरची अधिछात्रवृत्ती मागता येते, एका दारावर डोके आपटत बसावे लागत नाही. आणि ज्याने जमीन विकून एक खुर्ची घेतली, त्याला त्या खुर्चीतून उठण्याचीही सोय राहत नाही.

जमिनीचा विषय पुन्हा येतो, कारण तो टाळता येत नाही. आप्पांच्या, म्हणजे चिरंजीवाच्या आजोबांच्या, पश्चात हक्कसोडपत्रावर, म्हणजे बहिणींनी वडिलोपार्जित मिळकतीतला वाटा भावासाठी सोडल्याच्या दस्तावर, आत्याने सही केली ती तो तुकडा अखंड राहावा म्हणून. ही आठवण काढणे शोभत नाही, तरीही ती काढली जात आहे. चिरंजीवाचा प्रबंध फड पद्धतीवर आहे: नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणायचे, भिजणाऱ्या रानाचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि वाटपाचे काम पाटकऱ्याकडे सोपवायचे, अशी जी सामाईक व्यवस्था धुळे-नाशिककडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली, तिच्यावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरचा फडातला वाटा विकून त्या विषयाचा प्राध्यापक व्हावे, याला काय म्हणावे? ज्याला सहा महिने पाटकऱ्यांच्या मागे उन्हात हिंडता येते, त्याला बापापुढे एकदा ‘नको’ म्हणता येऊ नये?

शब्द कठोर झाले. वडिलांची बाजूही आत्याला कळते. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासापुरतेच मानधन घेऊन आणि सुट्टीत रिकाम्या हाताने, चाळिशीपर्यंत राबणारी मुले त्यांनी गावोगाव पाहिली आहेत, आणि आपल्या मुलाचे तसे होऊ नये म्हणून ते घाबरले आहेत. भीतीने माणूस लवकर विकायला निघतो.

आत्याच्या पिढीलाही अशीच घाई झाली होती. 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात महाराष्ट्रात नेट-सेट नसलेले हजारो अध्यापक नेमले गेले. त्यांच्या सेवेचा प्रश्न मोर्चे आणि न्यायालये यांत रखडत राहिला, आणि 27 जून 2013 च्या शासन निर्णयाने सेवा नियमित धरली तीही त्या दिवसापासून पुढे. आत्या त्यांतलीच एक. पुण्यातील एका संशोधनसंस्थेत शिष्यवृत्तीवर काम करण्याची संधी समोर असताना तालुक्याच्या महाविद्यालयातली नोकरी बरी, असे घरात ठरले आणि तिनेही मान डोलावली. नोकरीने घर उभे केले, आप्पांचे आजारपण निभावले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाटपाण्याच्या हक्कांवरची टिपणे ट्रंकेतच राहिली, ती बारावीच्या सुट्टीत चिरंजीवाने बाहेर काढीपर्यंत. त्यांतील अक्षर त्याला लागत नसे, तरी तो रोज विचारायला येई, आणि त्या प्रश्नांनी किती बरे वाटे हे त्या वेळी सांगायचे राहून गेले.

आता व्यवहाराचे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर ती 42,000 होते. म्हणजे चिरंजीव उपाशी नाही, फक्त पैसे वेळेवर येत नाहीत. 2022 च्या नियमांनुसार प्रबंधास सहा वर्षांची मुदत आहे आणि तो सादर करण्यापूर्वी लेख छापून आणण्याची सक्ती उरलेली नाही, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागण्याचे कारण नाही. अधिछात्रवृत्तीचे हप्ते थकतील त्या महिन्यांत पुण्यातल्या खोलीचे भाडे आत्याच्या निवृत्तिवेतनातून जाईल. ते उसने समजू नये आणि वडिलांच्या कानावरही घालू नये. वडिलांशी भांडू नये. जमिनीबद्दल त्यांच्याशी बोलायला आत्या स्वतः पुढल्या आठवड्यात येणार आहे, आणि थोरल्या भावाशी कसे बोलावे हे तिला चांगले ठाऊक आहे. तिसरे प्रकरण जसे असेल तसे, कच्चे असले तरी पाठवावे. मार्गदर्शकांनी लाल शाईने रंगवलेली पाने लपवू नयेत, तीच आधी वाचण्याची आत्याची इच्छा आहे. रात्री जागून लिहिण्याची सवय झाल्याचे कळते. मग सकाळी उशिरा उठावे, पण जेवण चुकवू नये. आणि काकूंची बातमी मुळातच खोटी असेल, तर एवढे रागावून लिहिल्याबद्दल आत्यावर मनसोक्त हसावे. फक्त तसे दोन ओळींत लगेच कळवावे, म्हणजे तिला झोप लागेल.