पाण्याचे सूक्ष्म साक्षीदार

वसंत पंचमीच्या दिवशी बासरच्या घाटावर केवढा समुदाय लोटतो, हे मुधोळच्या मुलांना निराळे सांगावयास नको. दूरदूरचे आईबाप लेकरांना कडेवर घेऊन सरस्वतीच्या मंदिरात अक्षराभ्यासासाठी येतात आणि दर्शनापूर्वी गोदावरीत स्नान करतात. कित्येक जण ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून प्राशनही करतात. त्या ओंजळीत कोण कोण राहते आणि पाण्याविषयी ते काय साक्ष देते, हे पाहण्याचा या लेखात विचार आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६७४ साली जवळच्या सरोवराचे पाणी स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरले, तेव्हा त्यात हिरवे तंतू आणि हालचाल करणारे इवलेसे जीव पाहून तो थक्क झाला. पुढे दोनशे वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला कलकत्त्याच्या एका तलावात पटकीचा जंतू सापडला. तेव्हापासून जंतू म्हणजे शत्रू, आणि ज्या पाण्यात जंतू कमी ते पाणी चांगले, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत खोटी नाही. पण अर्धीच खरी आहे.

निर्मळ नदी ही जंतुरहित नदी नव्हे. तिच्यात जीवाणू, शैवाले आणि एकपेशीय प्राणी यांच्या शेकडो जाती नांदत असतात. कोणी गळलेली पाने कुजवितो, कोणी सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतो, कोणी दुसऱ्यास खाऊन त्याची संख्या आटोक्यात ठेवतो. अशा पाण्यात सांडपाणी मिसळले म्हणजे त्यातील घाणीवर जगणाऱ्या थोड्या जातींची चंगळ होते. त्या भराभर वाढतात व पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. मग ज्यांना प्राणवायू भरपूर लागतो त्या जाती एकामागून एक नाहीशा होतात. म्हणजे एकंदर जंतू वाढतात, आणि जाती मात्र घटतात. आठवड्याच्या बाजारात धान्य, भाजी, कापड, मडकी यांची शंभर दुकाने असावीत, आणि पुढच्या आठवड्यात दोनशे दुकाने येऊन ती सगळी एकाच मालाची निघावीत, तसा हा प्रकार होय.

ही विविधता अंकांनी मोजता येते. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली तारायंत्राने जाणाऱ्या संदेशांसाठी एक सूत्र मांडले. पुढे जीवशास्त्रज्ञांनी तेच उचलले. समजा, एका थेंबात दहा जातींचे प्रत्येकी दहा जीव आहेत, आणि दुसऱ्यात एकाच जातीचे एक्क्याण्णव व उरलेल्या नऊ जातींचा एकेकच. दोन्हीकडे जीव शंभर आणि जाती दहाच. परंतु दोन हा पाया धरून हे सूत्र लाविले असता पहिल्या थेंबाचा अंक ३.३२ येतो आणि दुसऱ्याचा केवळ ०.७२. ओढ्यांच्या तळाशी राहणाऱ्या लहान किड्यांचा अभ्यास करून विल्म व डॉरिस यांनी १९६८ मध्ये असे सुचविले, की हा अंक तीनच्या वर असल्यास पाणी स्वच्छ आणि एकच्या खाली गेल्यास अतिशय दूषित समजावे.

याचा अत्यंत बोलका पुरावा आपल्याच गोदावरीने दिला आहे. नाशिक येथे २०१५ साली सिंहस्थ भरला, तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नदीतील पाच ठिकाणांच्या पाण्याची तपासणी केली. जीवाणू प्रयोगशाळेत वाढविण्याऐवजी त्यांच्या आनुवंशिक द्रव्यावरून त्यांची ओळख पटविण्यात आली. कारण बहुसंख्य जीवाणू बशीत वाढतच नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पर्वकाळात जीवाणूंची एकंदर संख्या सुमारे १३० पट झाली, आणि विविधता मात्र सुमारे साडेसदतीस टक्क्यांनी घटली. फर्मिक्युटीस नावाचा एकच गट ९४.६ टक्क्यांवर पोहोचला. हे नवे जीवाणू मुख्यतः माणसाच्या शरीरातून आलेले होते, आणि त्यांत औषधांना दाद न देण्याचे गुणही वाढलेले असावेत, असे अनुमान निघाले.

नाशिकचे जंतू जसेच्या तसे बासरला येतात असे मात्र कोणी समजू नये. मध्ये पैठणचा नाथसागर आहे, नांदेडचा विष्णुपुरी जलाशय आहे, आणि अंतरही फार मोठे आहे. तथापि थोड्या जागेत फार माणसे उतरली म्हणजे नदीचे काय होते, तो नियम दोन्ही घाटांना सारखाच लागू पडतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. विविधतेवरून नदीची प्रकृती कळते. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, ते कळत नाही. त्यासाठी एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील जीवाणूचा शोध घ्यावा लागतो. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये. उत्तम विविधता असलेल्या तळ्यातही तो सापडू शकतो. म्हणून तीर्थ घ्यावयाचे तर ते उकळून गार केलेले घ्यावे. त्याने श्रद्धेस बाध येतो असे मला वाटत नाही.

आनुवंशिक द्रव्याची तपासणी शाळेत होणे नाही, पण शैवालांची होऊ शकते. पामर या शास्त्रज्ञाने १९६९ साली घाण सहन करणाऱ्या वीस शैवालवंशांना एक ते पाच गुण दिले. युग्लीना व ऑसिलेटोरिया यांना पाच-पाच, क्लॅमिडोमोनास व सेनेडेस्मस यांना चार-चार. एका नमुन्यात भरपूर आढळणाऱ्या वंशांच्या गुणांची बेरीज वीस वा अधिक झाली, तर सेंद्रिय घाण पुष्कळ आहे असे मानतात. शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली यांतील बरेच वंश चित्र जवळ ठेवून ओळखता येतात.

वसंत पंचमीच्या आठवडाभर आधी, त्याच दिवशी व नंतर आठवड्याने, अशा तीन बाटल्या एकाच जागेवरून भरून आणाव्यात. प्रत्येकीवर दिवस, वेळ आणि जागा लिहावी, नदी वाहती होती की श्रीरामसागराच्या फुगवट्याने थबकलेली होती, हेही टिपावे. कारण थबकलेल्या पाण्यात शैवाले निराळी वाढतात. नमुना त्याच दिवशी पाहावा, शंभर पेशी मोजाव्यात व जातवार आकडे मांडावेत. पाण्यात उतरताना मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे, आणि काम आटोपल्यावर हात साबणाने धुवावेत.