दिल्लीची गिधाडे आणि मर्यादक घटक

कोणत्याही वन्य प्राण्याची संख्या अमर्याद वाढत नाही. अन्न, पाणी, निवारा, रोग, शत्रू यांपैकी एखादी गोष्ट तिला आवर घालते. तिला मर्यादक घटक म्हणतात. हा घटक कायम एकच असतो, असे मात्र नव्हे.

रशियन पक्षिशास्त्रज्ञ गालुशिन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिल्लीच्या सुमारे १५० चौरस किलोमीटर क्षेत्रात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची जवळजवळ ४०० जोडपी नोंदली होती. घरट्यांसाठी उंच वृक्ष होते आणि मेलेल्या गुरांचा तोटा नव्हता. पुढे, १९९२ ते २००७ या काळात, भारतभर हजार गिधाडांमागे जेमतेम एक उरले. अन्न तर तसेच पडून होते; ते भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला गेले.

कारण २००४ साली उघडकीस आले. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसात राहिले, तर ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभर मृत गुरांत एखादेच असे असले तरी एवढा संहार होऊ शकतो. कारण एका जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते व पिल्लू प्रौढ होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. ही तूट भरून निघणार कशी? शहराच्या उकिरड्यांवर जगणाऱ्या घारी मात्र दिल्लीत आजही विपुल आहेत.

भारताने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकरिता वापरल्या जात राहिल्याने २०१५ साली कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरपुरते सीमित करण्यात आले.