ऊन आणि पाण्यापासून इंधन

मनमाडला ऊन भरपूर, पाणी मोजके. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर, म्हणजे कळशीभर पाणी लागते. हा सौदा आम्हास महाग वाटत नाही. पण पाण्याचे विघटन करायचे कसे? भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी त्यावर प्रकाश पाडून हे करून दाखविले. प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटतो. त्याच्या रिकाम्या जागेमुळे पृष्ठभागावर पाण्यातून ऑक्सिजन निघतो, आणि तो इलेक्ट्रॉन तारेतून प्लॅटिनमवर जाऊन हायड्रोजन मोकळा करतो. अडचण अशी, की हा पदार्थ अतिनील किरणच शोषतो. उन्हात ते जेमतेम पाच टक्के! म्हणून दृश्य प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक शोधले जातात. पुण्याच्या सी-मेट संस्थेतही हे संशोधन झाले आहे; विज्ञान शाखेच्या आपल्या मुलामुलींनी ते जरूर अभ्यासावे.