सूर्याच्याच बळावर गारवा

वैशाखात विदर्भातील पारा ४५ अंशांवर जातो. ज्या सूर्यामुळे घर तापते, त्याच्याच ऊर्जेने ते गार कसे होते, हे आपण समजून घेऊ.

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता बाहेर नेते. आतील नळ्यांत शीतक द्रवाची वाफ होताना तो हवेतील उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. त्यामुळे ती अधिक तापते आणि बाहेरील नळ्यांत उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होते. विजेचा मोठा खर्च या दाबण्यात होतो. दीड टनाच्या यंत्रास साधारणतः दीड किलोवॉट वीज लागते.

छतावरील सौर पॅनेल एकदिश वीज देतात; इन्व्हर्टर ती घरगुती वापरायोग्य करतो. तीन किलोवॉटचा संच भर दुपारी असे एक यंत्र चालवू शकतो. रात्रीसाठी बॅटरी हवी, अथवा दिवसाची जादा वीज महावितरणला देऊन नेट मीटरद्वारे तिची वजावट घ्यावी. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

परंतु त्यासाठी छत स्वतःचे आणि भक्कम हवे. आमचे अनेक विद्यार्थी पत्र्याच्या घरांतून येतात. सर्वाधिक उष्मा तेच सोसतात. त्यांना आम्ही सांगतो, आधी पत्र्यास चुन्याचा पांढरा हात द्या, खाली छत बांधून हवेची पोकळी ठेवा. उष्णता आत आलीच नाही, तर ती बाहेर काढण्यास वीजही कमी लागते. विद्येचा पहिला उपयोग आपल्या घरासाठी व्हावा, अशी आमची अपेक्षा आहे.