नेव्हिल डिसूझाला किती मार्क द्यायचे?

होस्टेलवर रात्री दहानंतर काय चालतं हे रेक्टर सरांनाही ठाऊक आहे. प्रो इव्होल्यूशन सॉकर! या गेममध्ये आपल्याला हवा तो खेळाडू तयार करता येतो. वेग, फिनिशिंग, हेडिंग, स्टॅमिना, प्रत्येक गुणाला ९९ पैकी आकडा द्यायचा. आम्ही नेव्हिल डिसूझा बनवायला घेतला आणि रूममध्ये चक्क भांडण झालं.

नेव्हिल हा मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळलेला स्ट्रायकर. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात ३ गोल त्याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाकडून आपण १-४ हरलो, तो एक गोलही त्याचाच. मग बल्गेरियाकडून ०-३. भारत चौथा आला. १९८० साली नेव्हिलचं निधन झालं.

रूममेट म्हणाला, "फिनिशिंग ९५ टाक!" मी कॅल्क्युलेटर काढला.

३ सामन्यांत ४ गोल, म्हणजे सामन्याला १.३३. जर्मनीच्या गेर्ड म्युलरचे देशासाठी ६२ सामन्यांत ६८ गोल, म्हणजे १.१०. मग नेव्हिल म्युलरपेक्षा भारी? इथेच फसायला होतं. मोजणी ४ असेल तर तिच्यातली चूक साधारण ४ चं वर्गमूळ, म्हणजे २. नेव्हिलचा खरा दर ०.६७ ते २ यांत कुठेही असू शकतो. म्युलरची चूक साधारण ८, त्याचा दर ०.९७ ते १.२३. दोघांत फरक आहे तो पुराव्याचा.

मग आकडा काढायचा कसा? चांगल्या आंतरराष्ट्रीय स्ट्रायकरला ७५ धरा. या अंदाजाला १७ सामन्यांइतकं वजन द्या (१७ हा माझा ठोकताळा, बदलून बघा). नेव्हिलचे सामने ३, एकूण २०. रूममेटचे ९५ खरे मानले तरी ७५ + ३/२० × (९५ − ७५) = ७८. वेगाबद्दल तर गोलांच्या आकड्यांवरून काहीच कळत नाही. गेममध्ये रकाना कोरा ठेवता येत नाही, म्हणून तिथे सरासरी आकडा टाकला.

रूममेट भडकला. "ऑलिंपिकच्या हॅटट्रिकला ७८? अपमान आहे हा!"

मला आमचं कापडे गाव आठवलं. पोलादपूर तालुक्यात आहे. तिथे पारावर जुन्या कबड्डीपटूंच्या गोष्टी निघतात. एका चढाईत ३ गडी मारणारा दरवर्षी १ गडी जास्त मारतो! यंदा तो ६ वर पोचलाय. ऐकायला मजा येते, पण खरा माणूस कसा खेळायचा ते मात्र हरवत जातं. नेव्हिलला ९५ दिले की आपलंही तेच होणार.

७८ हा आकडा नेव्हिलची लायकी सांगत नाही. आपल्याला त्याच्याबद्दल किती कमी माहिती आहे, ते सांगतो. तो वाढवायचा एकच मार्ग आहे: जुन्या वर्तमानपत्रांत मुंबईतल्या सामन्यांचे वृत्तांत शोधायचे. सामने ३ चे ३० झाले की तेच सूत्र पुन्हा चालवायचं. कदाचित तो खरंच ९० च्या जवळ जाईल.

रूममेट आता सुट्टीत मुंबईच्या लायब्ररीत जाणार आहे. येताय का कोणी?